मोटार शहागडला पोचत न्हाई

३ मे १९३८

पेट्रोलच्या टाकीत पाणी! चुकून गेलेला थेंब न्हाई — चांगलं तांब्याभर!

सकाळी राधेश्याम शेठला घेऊन शहागडला निघाल्तो. त्यांची सासुरवाडी तिथली. अक्षय तृतीया म्हणून शेठनी नवी पगडी घातलेली. मागच्या सीटवर मिठाईचे करंडे, नारळ, रेशमी कापड. "खाजगी काम हाय, भुजंग. अकराच्या आत पोचव." मी म्हणलं, साडेदहालाच पोचवतो. जालना सोडून चार मैल झाले न्हाईत तर गाडी खोकली, दोन हिसके दिले आन उभी राह्यली. बॉनेट उघडलं. पेट्रोल गाळायची काचेची वाटी असती, तिच्यात पाह्यलं — खाली पाणी, वर पेट्रोल. टाकी रिकामी केली, नळी सोडली, फुंकून फुंकून तोंड कडू झालं. दोन तास गेले. मुहूर्त टळला. शेठ घरी परतले ते एका शेतकऱ्याच्या बैलगाडीत, शेणखताच्या ढिगाशेजारी बसून — नवी पगडी घालून! 

शनिवारी मी स्वतः पेट्रोल भरलं. फडक्यातून गाळून. तवा पाणी न्हव्हतं. मंग आलं कुठून?

औरंगाबादच्या छावणीत ज्या उस्तादांच्या हाताखाली मोटारीचं काम शिकलो, ते म्हणायचे, गाडीला काय झालं, तू काय केलं, रोज लिहून ठेव. शेठकडं लागल्यापासून तीन वरसं लिहून राह्यलो. पण आजवर या वहीत ग्रीस, प्लग, पंक्चर एवढंच. आज पह्यल्यांदा माणसाबद्दल लिहून राह्यलो. हे कोणीतरी केलं.

४ मे

पेट्रोलवाल्याकडं गेलो. त्यानं माझ्यासमोर नवा डबा फोडला, काचेच्या ग्लासात ओतून दाखवला. बिलकुल साफ. वर म्हणला, "घरातच बघ, मिस्त्री."

घरातच! मोटार उभी राहती ती जुन्या तबेल्यात. त्याला दोन दारं. एक रस्त्याकडचं, एक घराच्या आतल्या चौकाकडचं. रस्त्याकडच्या दारात कायम बसलेला असतो कडूबा.

कडूबानं अठरा वरसं शेठचा टांगा हाकला. मोटार आली, मी आलो. घोडी विकली, टांगा विकला. कडूबा तेवढा राह्यला, राखणीला. तीन वरसांत मोटारीला त्याचं बोट लागलं न्हाई. एकदा म्हणलं, कडूबा मामा, बसा की, चक्कर मारू. तर म्हणला, "जी हाक मारल्यावर मान वळवत न्हाई, तिच्यात मी बसायचा न्हाई."

त्याचा मोटारीवर राग हाय. आन माझ्यावर बी असणार.

५ मे

शेठकडून कुलूप मागून घेतलं. रस्त्याकडच्या दाराला लावलं. किल्ली माझ्या कंबरेला. आतल्या दाराचा सवाल न्हाई, ते घरातल्यांचं.

कडूबानं कुलूप पाह्यलं. मंग माझ्याकडं पाह्यलं. बिडी पेटवली. 

९ मे, सोमवार

दर सोमवारी शेठाणीबाईंना महादेवाच्या देवळात न्यावं लागतं. प्रेमबाई नाव त्यांचं. घुंघट छातीपर्यंत, तीन वरसांत तोंड पाह्यलं न्हाई. पण माहेर शहागडचं, बोलणं आपल्यासारखं. आन त्या घरात मोटारीबद्दल विचारणारं एकच माणूस — त्या. शेठला फक्त ती चालली पाह्यजे. बाई विचारतात, हा काटा काय सांगतो, ते खालून काय गळतं, उतारावर आवाज का बदलतो.

आज म्हणल्या, "भुजंगभाऊ, पाण्यानं एवढी मोठी मोटार बंद पडली?"

म्हणलं, बाई, मोठी दिसती, पण जीव एवढासा. प्लगला करंट वाटणारी एक काळी टोपी असती. तिच्या खाली अंगठ्याएवढा तुकडा, रोटर म्हणतात. तो काढून खिशात टाकला तर दहा माणसांनी ढकलली तरी चालू व्हायची न्हाई.

"अगबाई! एवढासा?"

बरं वाटलं. इद्येची कदर हाय त्यांना.

१५ मे

रोटर गेला!

आज परत शहागडचा मुहूर्त. परत मिठाई, नारळ, पगडी. शेठ गाडीत बसले. मी हॅण्डल मारतो, मारतो, मारतो — गाडी ढिम्म. हाताला फोड आले. टोपी उघडली तर खाली मोकळं! शेजारपाजारचे जमले. शेठ खाली उतरले आन सगळ्यांदेखत म्हणले, "बराबर सांग भुजंग, कुठं विकला?"

मी! मी विकीन? स्वतःच्या गाडीचं काळीज काढून?

डोकं फिरलं. कुलपाची किल्ली माझ्याकडं, कुलूप शाबूत. मंग दिसलं — पुढच्या चाकाजवळ बिडीचं थोटूक. त्या घरात बिडी एकच माणूस ओढतो. आन तो दारात बसून माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, गालात हसला. मी थोटूक उचललं, शेठच्या पुढं धरलं. "कडूबाचं काम हाय. तुम्ही आत बोलवलं असंल तवा चौकातून शिरला. घोडी विकल्याचा डूख हाय त्याला."

शेठनी विचारलं, "कडूबा, आत गेल्ता?"

"गेल्तो."

"कशाला?"

कडूबा गप. किती विचारलं तरी गप. शेठनी त्याला तिथल्या तिथं काढलं. एकवीस वरसं त्या घरी राबलेला माणूस. त्यानं कांबळं खांद्यावर टाकलं, तांब्या घेतला. माझ्यासमोरून जाताना थांबला. "मोटारीचं वाईट करायचं असतं तर पह्यल्याच दिवशी केलं असतं, लेका. तुला बोलवायची येळच आली नसती."

आन गेला. वर माडीच्या खिडकीचा पडदा हलला. सगळं घर बघत होतं वाटतं.

१६ मे

चोर गेला. जेवण गोड लागलं.

२१ मे

औरंगाबादहून रोटर आला. बसवला. पह्यल्या हॅण्डलला गाडी चालू! काय आवाज! दूध उतू येताना भांडं गुणगुणतं तसा.

२२ मे

माझी बायको सोनूबाई शेठच्या घरी धान्य निवडायला जाती. आज म्हणली, "तुमाला ठाऊक हाय का, शेठ शहागडला कशाला जाऊन राह्यले?"

म्हणलं, सासुरवाडी हाय.

"सासुरवाडीला दुसऱ्यांदा जावई व्हायला! धाकट्या मेव्हणीशी, राजकुमारीशी लगीन लावायचंय. पंधरा वरसांची पोर. मोठीला बारा वरसांत लेकरू न्हाई म्हणून. आधी सगाई, पंधरा दिवसांत लगीन. बाप कबूल हाय."

म्हणलं, शेठचं घर, शेठचा इचार. आपलं काम मोटार.

सोनूबाईनं सूप आपटलं. "मोटारीशिवाय तुमाला काई दिसतं का?"

आमची चिमी पुढच्या साली तेरा पुरी करती. कुठून कुठं डोकं जातं. झोपावं.

८ जून

कसं लिहू! परत!

आज तिसरा मुहूर्त. सकाळी स्वतः पाणी पाह्यलं, तेल पाह्यलं, हवा पाह्यली. मंग आंघोळीला गेलो, आलो, निघालो. अंबड गाठलं न्हाई तर बॉनेटमधून वाफ! रेडिएटरची खालची तोटी अर्धी उघडी. सगळं पाणी वाटेत सांडत आलेलं. इंजिन असं तापल्तं की आणखी मैलभर चालवली असती तर कायमची गेली असती. विहिरीचं पाणी आणलं, पण तापल्या इंजिनात गार पाणी घालता येत न्हाई, फुटतं. थांबलो. मुहूर्त गेला.

शेठ बाभळीखाली बसलेले. चिडले न्हाईत, त्याचीच भीती वाटली. हळू आवाजात म्हणले, "आता भडली नवमी उरली. सहा जुलै. त्याच्या दोन दिवसांनी एकादशी — मंग चार महिने लगीन न्हाई, सगाई न्हाई. नवमीला मोटार शहागडला पोचली न्हाई तर तुला पोलिसांच्या अमीनसाहेबाच्या हवाली करीन. बिलकुल सोडणार न्हाई."

म्हणलं, शेठ, त्या दिवशी बसनं जाऊ.

"बसनं? मी? सगाईला?"

परत येताना वाटभर एकच — कडूबा तर टेंभुर्णीला बहिणीकडं गेलाय. मंग हा हात कोणाचा?

९ जून

आज सगळ्यांकडं बघून राह्यलो. मुनीम — तो शेठच्या जागेवर डोळा ठेवून हाय का? भांडेवाली? पेट्रोलवाला? सोनूबाई घरात जाती-येती, तिला कोणी पढवलं का?

सोनूबाईला विचारलं, काल सकाळी तू कुठं होती. तिनं माझ्याकडं असं पाह्यलं की मी भाकरी अर्धी सोडून उठलो.

१० जून

तबेल्यात जमिनीवर चाळलेली राख पसरली. मोटारीभोवती, हातभर रुंद. मी सोडून कोणाचा पाय पडला तर उमटंल.

११, १२, १३ — काही न्हाई. माझेच ठसे.

१४ जून

ठसा! आतल्या दारापासून मोटारीपर्यंत आन परत. उघडा पाय. लहान. बाईचा. भांडेवालीच्या टाचा तर भेगांनी फाटलेल्या — हा ठसा गुळगुळीत.

बॉनेट उघडून सगळं पाह्यलं. काही बिघडलेलं न्हाई. मंग आली कशाला?

१५ जून

पाह्यलं. माझ्या डोळ्यांनी पाह्यलं.

दुपारी जेवणं झाली की ते घर तासभर झोपतं. मी माळ्यावर चढून बसलो, जिथं पह्यले घोडीचा कडबा असायचा. अंगावरून घाम. आतलं दार वाजलं.

शेठाणीबाई.

घुंघट मागं टाकलेला. पंचविशीच्या असतील. तोंड उतरलेलं, डोळे मोठे. सरळ मोटारीजवळ आल्या, बॉनेटचे खटके उघडले — माझ्याच पद्धतीनं, आधी डावा मंग उजवा! टोपी काढली. रोटर काढला, तळहातावर ठेवला, परत बसवला. परत काढला. शिकून राह्यल्या! हात जल्दी चालावा म्हणून!

मी खाली उडी मारली. ओरडतील वाटलं. त्या दचकल्या, पण हातातला रोटर पडू दिला न्हाई. आन काय बोलाव्या? "भुजंगभाऊ, हा उलटा बसतो का हो?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाई. खाच असती."

मंग ध्यानात आलं. पाणी, रोटर, तोटी — सगळं मीच सांगितलेलं. दर सोमवारी, एकेक.

म्हणलं, बाई, का?

त्या मडगार्डवर टेकल्या. "राजूला, माझ्या धाकटीला, या घरात आणायची न्हाई."

म्हणलं, सवत कोणाला पाह्यजे. पण शेठला लेकरू पाह्यजे—

"नुसता सवतीचा सवाल असता तर हळद मी लावली असती. जालन्याच्या दवाखान्यातल्या डाक्टरीणबाईंनी दोनदा तपासलं. म्हणल्या, तुमच्यात खोट न्हाई, शेठला पाठवा. मी घरी सांगितलं. ह्यांनी माझ्या तोंडात मारली, महिनाभर बोलले न्हाईत." त्यांचा आवाज चढला न्हाई. "राजू आली तरी काही व्हायचं न्हाई. मंग तिला बी वांझ म्हणतील. पंधरा वरसांची पोर, पुढची चाळीस वरसं ते ऐकंल. मी बारा ऐकलं. नगरचा मामा श्रावणात येऊन तिला घेऊन जातो म्हणतो. तिथं मुलींची शाळा हाय. बापाला तो समजावणार. मला फक्त एकादशीपर्यंत ढकलायचं हाय, भुजंगभाऊ. एकच मुहूर्त."

म्हणलं, आन कडूबा?

खाली मान घातली. "दोन दिवस घास उतरला न्हाई. पण तोंड उघडलं असतं तर राजू आली असती."

"म्हंजे म्हाताऱ्याचा बळी दिला."

"हो," म्हणल्या. सरळ हो म्हणल्या! रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी हात पुढं केला. रोटर मागितला. दिला. म्हणलं, बाई, शेठला मी सांगणार न्हाई. पण मोटारीला परत हात लावू नका. तुमची बहीण हाय, तशी माझी बायको-पोरगी हाय. मी जेलात गेलो तर त्यांनी काय करायचं?

"बरं," म्हणल्या. घुंघट ओढला आन गेल्या.

१६ जून

खरं बोलल्या का? डाक्टरणीचं खरं असंल का रचलं? एवढे दिवस तोंडावर भुजंगभाऊ भुजंगभाऊ करून माझीच इद्या माझ्यावर चालवली. आता कोणावर भरवसा ठेवायचा?

पण कडूबा तर खराच निर्दोष हाय. ते तरी पक्कं.

१९ जून, रविवार

टेंभुर्णीला गेलो. माल नेणारी लॉरी मिळाली, पुढं चिखलात पायी. कडूबा बहिणीच्या घरापुढं दोर वळत बसलेला. मला पाहून उठला न्हाई, हाकललं बी न्हाई.

म्हणलं, मामा, चुकलो. तुमचा हात न्हव्हता.

"मला ठाऊक हाय."

म्हणलं, कोणाचा होता ते मला कळलंय. नाव सांगता येत न्हाई.

दोर वळायचं थांबलं. "मला बी ठाऊक हाय. पेट्रोलात पाणी वतताना मी पाह्यलं तिला."

म्हणलं, मंग सांगितलं का न्हाई? शेठ विचारत होते, मी तुमच्यावर आळ घेत होतो—

"रोटर काढला त्या दिवशी तिचे वल्ले पाय फरशीवर उमटले. आंघोळ करून आल्ती. दाराच्या फटीतून दिसले, ते पुसायला चौकातून आत गेल्तो. बिडी तवाच पडली असंल."

कडूबा परत दोर वळायला लागला. "बारा वरसं झाली. शहागडहून नवरी मीच आणली, माझ्या टांग्यात. तेरा वरसांची. अंबडपर्यंत रडत होती. मंग मला म्हणली, काका, टांगा वळवा ना. मागं करवल्या हसल्या. मी बी हसलो. टांगा हाकत राह्यलो. मला हाकायलाच ठेवलं होतं ना!" मंग म्हणला, "त्या हसण्याची मला लई वरसं लाज वाटती."

उठताना मी परत माफी मागितली. तर म्हणला, "चोर म्हणला ते चारचौघांत, शेठपुढं. माफी हितं दोर वळणाऱ्यापुढं मागून काय उपेग?"

म्हणलं, शेठपुढं बोललो तर बाईंचं नाव सांगावं लागंल.

"ते तू बघ."

बहिणीनं चहा दिला. मला द्यायला कडूबानं मना केली न्हाई, पण स्वतः घेतला न्हाई.

२० जून

चारी चाकांना ग्रीस. मागच्या डाव्या टायरला आतून ठिगळ. हात काम करून राह्यले, डोकं टेंभुर्णीत.

२७ जून, सोमवार

देवळाला निघालो तर माझ्या शेजारी मुनीम बसवलेला! शेठचा हुकूम. आतल्या दाराला बी कुलूप पडलं, किल्ली शेठच्या जानव्याला. शेठला कोणाचा संशय आलाय — माझा का बाईंचा — काही कळत न्हाई. सगळेच एकमेकांकडं बघून राह्यले.

मुनीम पूजेचं ताट घेऊन पुढं गेला तेवढ्यात बाई उतरता उतरता म्हणल्या, "आता माझा हात पोचत न्हाई, भुजंगभाऊ." मागणं न्हाई, आर्जव न्हाई. सांगितलं फक्त.

मी दार लावलं. 

२ जुलै

शेठला कापसाच्या जिनिंगवर नेलं. एकटेच होते. वाटेत आपण होऊन बोलले, "भुजंग, लोक माझ्या मागं काय बोलतात मला ऐकू येतं. नातवाचं तोंड न बघता आई गेली. शेवटच्या दिवशी बी तेच विचारत होती." मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

धीर केला. म्हणलं, शेठ, हैद्राबादला मोठे डाक्टर हायेत. एकदा तुम्ही बी—

"गाडी थांबव."

थांबवली. माझ्या मानेमागं त्यांचा श्वास ऐकू येत होता. "हे तुला कोणी शिकवलं?"

म्हणलं, कोणी न्हाई. छावणीत साहेब लोक तपासून घेतात, ते पाह्यलं होतं.

मंग म्हणले, "चल." संध्याकाळी परतल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला, "नवमीला पोचव. बाकी तू काही बोलला न्हाई, मी काही ऐकलं न्हाई."

म्हंजे डाक्टरणीचं खरं हाय. त्यांना ठाऊक हाय! ठाऊक असून निघालेत!

४ जुलै

गाडी तयार. प्लग साफ, पॉइंट घासले, नवं तेल, पट्टा ताणला, ब्रेक बराबर. तीन वरसांत एवढी चांगली कधी चालली न्हाई. बॉनेटवर हात ठेवला तर नुसती थरथर — हलका, एकसारखा. हे इंजिन माझ्या हातचं हाय. सेकंदराबादच्या साहेबानं विकलं तवा अर्धं मेलेलं होतं. मी उठवलं.

सोनूबाईला सगळं सांगितलं. पह्यल्यापासून. बाईंचं, कडूबाचं, शेठचं.

ती चिमीची वेणी घालत होती. हात थांबला. "मंग?"

म्हणलं, मंग काय. मी ड्रायव्हर हाय.

वेणी घालून झाली, चिमीला बाहेर पाठवलं. मंग म्हणली, "माझा भाऊ जाफराबादला हाय. त्याचं शेत हाय, दोन माणसं त्याला जड न्हाईत." एवढंच. चुलीकडं गेली.

५ जुलै

आज काही लिहायचं न्हाई.

६ जुलै. अंबडची चावडी

वही खिशात होती म्हणून लिहून राह्यलो.

पहाटे इंजिनाच्या तळाचा बोल्ट मी ढिला केला. तेल वाटभर गळत आलं. अंबडला तेलाचा काटा शून्यावर. गाडी थांबवली न्हाई. शेठ म्हणले, "आवाज कशाचा?" म्हणलं, "रस्ता खराब हाय." पुढं तीन मैल तशीच रेटली. मंग इंजिन किंचाळलं आन जाम झालं. आता त्याला कोणी उस्ताद उठवू शकत न्हाई.

शेठ रस्त्यात उभे राहून ओरडले, "हे कडूबाचंच काम! माणसं पाठवून करतो!" गावचे पंधरा-वीस लोक जमलेले.

मी म्हणलं, "न्हाई शेठ. कडूबानं कधीच काही केलं न्हाई. पह्यल्यापासून मीच."

अमीनसाहेब अजून आले न्हाईत. परवा एकादशी.